गुड टच बॅड टच घ्यायला सांगितलंय, पण पोराने खरंच काही सांगितलं तर बाईंनी पुढे काय करायचं?

खाडीपलीकडची

नमस्कार. इथे एरवी मी नुसती वाचत असते, आज विचारायचंय म्हणून लिहितेय. रत्नागिरी जिल्ह्यात जि.प. प्राथमिक शाळेत आहे. तालुका सांगत नाही, आमच्याकडे तालुका सांगितला की शाळा कळते आणि शाळा कळली की बाई कळतात. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट किती ते विचारूच नका.

शिक्षण परिषदेत बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधावर एक तास झाला. पीपीटी होती, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) म्हणजे काय, तक्रार पेटी लावा, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक लावा, मुलांना गुड टच बॅड टच शिकवा आणि फोटो ग्रुपवर टाका. फोटो ग्रुपवर टाका हे सगळ्यात ठळक होतं. मी दुसऱ्याच आठवड्यात घेतलं, चित्रं काढली फळ्यावर, नाही म्हणा, तिथून पळा, मोठ्यांना सांगा, एवढं पोरांकडून वदवून घेतलं, पोरांनाही मजा आली.

आता मूळ मुद्दा. मोठ्यांना सांगा असं मी शिकवलं, म्हणजे उद्या ती मलाच येऊन सांगणार ना? आणि मला तर पुढचं काहीच कोणी शिकवलेलं नाही. पोराने सांगितलं की मी तोंडातून पहिला शब्द काय काढायचा, कितपत विचारायचं, आईला आधी बोलवायचं का. आमचे मुख्याध्यापक चांगले आहेत पण ते म्हणतात बाई असलं काही निघालं तर आधी केंद्रप्रमुखांना सांगू, ते वर सांगतील, आपण डायरेक्ट कुठे जायचं नाही. वाडीतली माणसं म्हणतील गावात बसून मिटवू. बऱ्याच पोरांचे बाप मुंबईला, काहींच्या आयाही, घरी आजी आणि एखादा काका. मी एकटी खोली घेऊन राहते गावात. घाबरते असं नाही पण विचार येतोच.

कोणी हे प्रत्यक्ष हाताळलं असेल तर सांगा. कायद्याचं पाठांतर नको, नेमकं काय करायचं ते हवंय.


जुना_खडू

बाई, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. मी सिंधुदुर्गात शिक्षक होतो, मग मुख्याध्यापक, आता रिटायर. केस कुठली ते सांगणार नाही, तुम्हीही कधी कोणाला सांगू नका, पण पोरगं कसं सांगतं ते लिहितो कारण ते कुठल्याच पीपीटीत नसतं.

पोरगं येऊन असं कधीच म्हणत नाही की गुरुजी माझ्यावर अत्याचार झाला. ते वही दाखवायला येतं आणि मधेच म्हणतं, आज मी त्यांच्याकडे टीव्ही बघायला जाणार नाय. किंवा शाळा सुटली तरी दप्तर भरत बसतं. किंवा एखादी मुलगी नुसतंच विचारते, बाई तुम्ही रविवारी असता का हो गावात. म्हणजे ते आधी तुमची परीक्षा घेत असतं, बोट बुडवून पाणी किती गरम आहे बघतो ना तसं. त्या वेळी तुम्ही हजेरीपटात डोकं घालून 'जा जागेवर बस' म्हणालात तर संपलं, ते परत येणार नाही, आलं तरी कधी येईल देव जाणे.

आता आलंच बोलायला, तर व्हरांड्यात घ्या, चारचौघांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. दार लावू नका. उभ्याने बोलू नका, बसा खाली त्याच्या उंचीला. पहिला शब्द काय विचारलंत ना? मी म्हणायचो, बरं केलंस सांगितलंस, यात तुझी काय चूक नाय. बास. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं आपल्या शिक्षकांना सगळ्यात अवघड जातं बरं का, आपल्याला सवय उत्तर काढून घ्यायची. त्याने इथे हात लावला का, तो अमका होता का, असं विचारलंत की पोर हो म्हणतं, कारण बाईंना हो म्हणायचं असतं हे त्याला पहिलीपासून माहीत आहे. आणि पुढे कोर्टात तेच उलटतं, म्हणतात बाईंनीच वदवून घेतलं. विचारायचंच झालं तर 'मग काय झालं' एवढंच. त्यापुढची चौकशी आपलं काम नाही.

कोणालाच सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका. पोर तेच मागतं आधी. पण तुम्हाला सांगावंच लागणार आहे, आणि मग पोराच्या लेखी तुम्हीही फसवणारे झालात. म्हणायचं, तुला मदत करायला मला एकदोन माणसांना सांगावं लागेल, पण गावभर होणार नाही.

ते गेलं की लगेच लिहून काढा. त्याच्याच शब्दात, त्याच्याच बोलीत, त्याने शरीराच्या भागाला जे नाव घेतलं तेच नाव. शुद्ध मराठी करायला जाऊ नका. तारीख, वेळ, सही. आणि ज्याचं नाव आलंय त्याला जाऊन जाब विचारू नका, तुमच्या मुख्याध्यापकांनाही विचारू देऊ नका, तो सावध होतो आणि त्रास पोराला होतो.


काळा_कोट_खेड

ताई, कायद्याचं पाठांतर नको म्हणालात म्हणून तुम्हाला लागेल तेवढंच लिहितो.

पोक्सो २०१२ चा. कलम १९ म्हणतं की कोणत्याही व्यक्तीला गुन्हा झाल्याची माहिती असेल किंवा होण्याची शक्यता वाटत असेल तर तिने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. कोणत्याही व्यक्तीला म्हणजे तुम्हाला. केंद्रप्रमुखांना सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. मुख्याध्यापकांना सांगा, केंद्रप्रमुखांनाही सांगा, खात्याचं पत्र जरूर करा, पण त्यांची परवानगी येईपर्यंत थांबायचं असं कायद्यात कुठेही नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्याच हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे मुख्याध्यापकांना चहा पिता पिता वाचून दाखवा, माणूस चांगला आहे म्हणताय तर ऐकतील.

आणि हे नुसतं कागदावर आहे असं समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झालं, शाळेतल्या चिमुरड्या मुलींवर अत्याचार, त्यात शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर खबर न दिल्याबद्दल वेगळा गुन्हा नोंदवला गेला. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींचं प्रकरण, तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता, हायकोर्टाने तो रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाचा तो निकालच फिरवला, कारण अशा गुन्ह्यात वेळेवर खबर मिळणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यामुळे मला वाटलं वरचे बघतील हे उत्तर चालत नाही.

तुमच्या मनात असेल की खोटं निघालं तर? चांगल्या हेतूने कळवलं असेल तर तुमच्यावर दिवाणी की फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलंय. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, पुरावा आहे म्हणून कळवायचं नसतं, संशय आहे म्हणून कळवायचं असतं.

गावकीचं. हा गुन्हा गावात बसून मिटत नाही, म्हणजे मिटवताच येत नाही. देवळात बैठक घेऊन, नारळ ठेवून, दंड लावून, दोन्ही घरांकडून लिहून घेऊन काहीही केलं तरी गुन्हा राहतोच आणि बैठकीत बसलेले माहिती असून न कळवणाऱ्यांत जमा होतात. आमच्याकडे असे 'मिटलेले' कागद घेऊन माणसं नंतर येतात आणि मग धावपळ.

एक शेवटचं आणि फार महत्त्वाचं. मुलाचं नाव, घर, शाळा, वाडी, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही.


बोटीवरचो

मालवणीत लिवतंय, समजान घेवा. माजो झील तिसरीत आसा. शाळेतसून इलो नि आजीक सांगता, गालाचो मुको घेव नको, बाईंनी सांगल्यानी हा. म्हातारी रुसली. आमी हसलव पण माका प्रश्न पडलो, ह्या असला आमच्या येळाक नव्हता, पोरांच्या डोक्यात भलताच भरवतास काय? घरच्या माणसांचो संशय घेवक लागली तर? नि दुसरा म्हणजे बागेत कामाक भायरची माणसा येतत, बोटीर खलाशी भायरचे, त्येंच्यापासून सांबाळा सांगा ना, आजीक मधे कित्याक हाडतास? माका इरोध करूचो नाय, पण पालकांका आदी इचारूक होया की नाय?


समुपदेशक_ताई

बोटीवरच्या दादांना आधी उत्तर देते, कारण हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो आणि तो चुकीचा मुळीच नाही.

विचारायला हवंच होतं. सेशनच्या आधी पालकसभा, त्यात जी चित्रं मुलांना दाखवणार ती पालकांना दाखवायची, आज्यांना खास बोलवायचं कारण आपल्याकडे पोरं त्याच सांभाळतात. ही पायरी शाळा गाळतात आणि मग आजी रुसते. पण दादा, तुमच्या मुलाने आजीला नको म्हटलं ना, ते वाईट नाही झालं. आजीला नको म्हणता येतं आणि त्यावर कोणी ओरडत नाही हे ज्याला घरात कळलं तोच उद्या दुसऱ्या कोणाला नको म्हणू शकेल. आजीला सांगा, विचारून घ्या मुका, तो देईल.

बाहेरची माणसं. आंब्याच्या सीझनला बागेत नेपाळी राखणदार येतात, बोटींवर परप्रांतीय खलाशी, आणि गावात काही झालं की पहिलं बोट तिकडेच जातं. पण केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात निम्म्याहून जास्त म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं आणि करणारे जवळपास निम्मे ओळखीचे, विश्वासातले. आणि दादा, तुम्हाला झील आहे म्हणून मुद्दाम सांगते, त्या मुलांमध्ये मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच निघालं होतं. आपण मुलींना सांभाळतो आणि मुलगे जेटीवर, बंदरावर, क्रिकेटच्या मैदानात मोकळे. पोक्सो मुलगा मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे.

गणपतीत आणि शिमग्याला घर चाकरमान्यांनी भरतं, माजघरात ओळीने अंथरुणं पडतात, कोण कोणाशेजारी झोपलंय बघायला कोणाला वेळ नसतो. मी सणावर संशय घ्या म्हणत नाहीये, मीही तशाच घरातली. पण सुट्टीनंतर शाळा उघडते त्या आठवड्यात बाईंनी डोळे जरा जास्त उघडे ठेवावेत. एकदम गप्प झालेलं मूल, चड्डीत शू व्हायला लागलेलं मोठं मूल, बाथरूमला जायला घाबरणारं, वयाला न शोभणारं काहीतरी खेळात करून दाखवणारं. यातल्या एका गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, शंभर कारणं असतात, पण विचारपूस करायला पुरेसं आहे.

आता खाडीपलीकडची ताई, तुमच्यासाठी. मला या नाही म्हणा आणि पळा वाल्या सेशनचा खरं सांगायचं तर राग आहे. सात वर्षांच्या पोराने चाळीस वर्षांच्या माणसाला थोपवायचं आणि नाही थोपवलं तर त्याला वाटायचं मीच पळालो नाही म्हणून झालं. शिवाय बॅड टच म्हणजे दुखणारा असं मुलं धरून बसतात. बऱ्याचदा तो दुखत नाही, गुदगुल्या असतात, मोबाईलवर गेम असतो, कॅडबरी असते. मुलांना सांगायची खूण वेगळी आहे, कोणी म्हणालं हे आपलं दोघांचं सीक्रेट, आईला सांगू नको, की ती गोष्ट सांगायचीच. आणि प्रत्येक सेशनला हे वाक्य हवंच की पळता आलं नाही, तेव्हा सांगता आलं नाही, तरी चूक तुझी नाही आणि उशिरा सांगितलंस तरी चालेल.

शाळेतल्या अशा कार्यक्रमांचा २०१५ साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे आरोग्यविषयक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, मोठा आढावा घेतला होता, २४ अभ्यास, ५८०० वर मुलं. मुलांना समजतं, काय करायचं ते आठवतं, आणि मुलं फार घाबरीघुबरी होतात असंही दिसलं नाही. पण त्यामुळे अत्याचार प्रत्यक्षात कमी होतात का हे काही त्यातून सिद्ध झालं नाही. सेशन झालेल्या मुलांमध्ये आपल्यावर झालेलं सांगण्याचं प्रमाण मात्र जास्त दिसलं. म्हणजे तुम्हाला जी भीती वाटतेय ना की उद्या ती मलाच येऊन सांगतील, ती भीती नाही, कार्यक्रमाचा खरा उपयोग तोच आहे. म्हणून माझं म्हणणं असं की आधी शिक्षकांचं प्रशिक्षण, ते ऐकायचं कसं आणि कळवायचं कुठे याचं, आणि ते झाल्याशिवाय मुलांचं सेशन नकोच. आपल्याकडे उलटं चाललंय, मुलांना शिकवून मोकळे आणि बाई वाऱ्यावर.


घाटावरचा_मास्तर

एक शंका. आमच्या शाळेत दोघंही पुरुष. मी मूळचा घाटावरचा, बदली अजून झालेली नाही, गावाला आधीच उपरा. बदलापूरनंतर तर आम्ही पोरं पडली तरी उचलायचं का याचा विचार करतो. पुरुष शिक्षकाने हा विषय घ्यावा का? घेतला तर लोक काय म्हणतील, नाही घेतला तर वर्षभर विषयच निघणार नाही. आणि सीसीटीव्ही लावा म्हणून जीआर निघाला ऑगस्ट २०२४ ला, आमच्याकडे पावसात चार चार दिवस लाईट नसते, कॅमेरा काय करणार. तक्रार पेटी लावलीय, त्यात पहिलीचं पोर लिहिणार काय, त्याला अजून अक्षरं येत नाहीत.


जुना_खडू

मास्तर, घ्या की. एकट्याने घेऊ नका एवढंच. अंगणवाडी ताई किंवा आशा ताई किंवा उपकेंद्राच्या नर्सबाई, कोणीतरी सोबत असू द्या, सखी सावित्री समितीत गावातल्या बायका असतातच, त्यांनाही बसवा. शरीराचा भाग त्या बोलतील आणि तुम्ही मुलग्यांचं बोला, कारण मुलग्यांना पुरुषाने सांगितलेलं ऐकलंय असं फार कमी होतं. आणि स्वतःसाठी नियम करून वर्गाला सांगून टाका, मी कोणाला एकट्याला खोलीत बोलवणार नाही, बोलवलं तर दार उघडं असेल, कोणाचे गाल ओढणार नाही. गुरुजींनाही नियम आहे हे पोरांना कळलं की नियम काय असतो ते आपोआप कळतं. पडलं तर उचला हो, त्यात काय विचार करायचा.

पेटीचं म्हणाल तर छोट्यांसाठी चित्र काढायचा कागद ठेवा, रडका चेहरा आणि आपलं नाव एवढं केलं तरी बाई बोलावून घेतात असं सांगा. पेटी हेडमास्तरच्या केबिनसमोर लावू नका, नळाकडे लावा.


खाडीपलीकडची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. काळा कोट दादा, दोन राहिलेत. पोलीस स्टेशन आमच्यापासून लांब, एसटी दिवसाला मोजक्याच, आणि गाडीतून पोलीस गावात आले की सगळी वाडी गोळा होते, पोराचं काय होतं मग? आणि घरचाच कोणी असेल तर आईला सांगू की नको? दुसरं, मी लिहून काढलेला कागद ठेवायचा कुठे, शाळेच्या कपाटाच्या किल्ल्या तीन जणांकडे आहेत.


काळा_कोट_खेड

फोनवरूनही खबर देता येते ताई, स्टेशनला जायलाच हवं असं नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन, चोवीस तास, फुकट लागतो, रेंज असेल तिथून करा. तोंडी दिलेली खबरही पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि नोंद क्रमांक द्यायचा असतो, तो मागून घ्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस स्टेशनात ठेवायचं नाही, हे सगळं कलम २४ मध्ये आहे. खबर देतानाच सांगा की युनिफॉर्म आणि सायरनची गाडी गावात नको, कायद्याने मागतोय आपण, उपकार नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, समिती मुलासोबत सहाय्यक व्यक्ती देऊ शकते, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा नंबर आत्ताच वहीत लिहून ठेवा, त्या दिवशी शोधत बसू नका. उपचार आणि पुनर्वसनाच्या पैशासाठी मनोधैर्य योजना आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून.

आईचं: घरातलाच संशयित असेल तर आधी घरी कळवून पोराला त्याच घरात परत पाठवू नका, आधी १०९८ वर बोला, त्या दिवशी पोराने कुठे थांबायचं ते समिती आणि पोलीस ठरवतात. संशयित बाहेरचा असेल तर आईला विश्वासात घ्या, पण आई नको म्हणाली तरी तुमचं कळवणं थांबत नाही.

कागद पाकिटात, सीलबंद, वर फक्त तारीख, आणि तुमच्याकडे. हजेरीपटात, शेरेबुकात, शाळेच्या लॉगबुकात एक ओळही नाही. पोलिसांनी मागितला की द्या आणि पोच घ्या, झेरॉक्स गावातल्या दुकानात काढू नका.


समुपदेशक_ताई

यात माझी एक भर. कळवून झालं की शिक्षकांना वाटतं आपलं काम संपलं. पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येणार असतं ना. त्याला पुढच्या बाकावर आणून बसवू नका, खास लाड नको, परत परत काय झालं ते विचारायचं नाही, कवायत, कविता, खिचडी सगळं नेहमीसारखं. कोर्टाची तारीख असेल त्या दिवशीची गैरहजेरी वर्गात बोलून दाखवायची नाही. आणि वर्गातली बाकीची पोरं काहीतरी ऐकून येतातच, तेव्हा कोणी चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवणारं माणूस शाळेत तुमच्याशिवाय कोणी नसतं.


बोटीवरचो

ताईनू, वाचलंय सगळा. झिलाची गोष्ट माका आदी कोणी सांगाक नाय. आमच्या बाईंका उद्याच भेटान सांगतंय पालकसभा घेवा म्हणान, पण सकाळची नको, सकाळी आमी सगळे बंदरार आसतव. सांजची ठेवल्यानी तर बापये पण येतले.